थोडें द्रव्य आणि गांवाचा कारभार

खेड्यापाड्यांतील लोकांना साह्य करावें, ही गोष्ट कोणी नाकबूल करीत नाहीं. मतभेद होतो तो साह्य कसें करावें याविषयीं. आमच्याकडे याच्या दोन रीती रूढ आहेत. एक सरकारी रीत : मोठें धरण, लांब सडक, कोट्यवधि रुपयांचें अंदाजपत्रक. दुसरी शहरी दयाळूपणाची रीत : दिवाळीच्या सुमारास जुने कपडे, वह्या व फराळाचीं पाकिटें घेऊन एखाद्या पाड्यावर जावयाचें, वांटप करावयाचें, छायाचित्र काढावयाचें आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परतावयाचें. या दोन रीती एकमेकींपासून फार दूर दिसतात. परंतु एका बाबतींत त्या सख्ख्या बहिणी आहेत. दोहोंतही काय द्यावयाचें हें देणारा ठरवितो, आणि घेणाऱ्यानें फक्त हात पुढें करावयाचा असतो. प्रस्तुत लेखांत आम्ही तिसऱ्या एका रीतीची बाजू मांडणार आहों. ती अशी कीं, रक्कम लहान असावी. परंतु ती कशावर खर्चावयाची हें गांवानें ठरवावें, काम गांवानें करावें, आणि हिशेबही गांवानेंच सर्वांसमक्ष मांडावा.

हा विषय मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें कां मांडावा, असें कोणी विचारील. याचें उत्तर आपल्या घरच्या नळांत आहे. २०११ सालच्या शिरगणतीप्रमाणें या शहराची वस्ती ८ लाख ९ हजारांवर होती, आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. खाडी, समुद्र व मिठागरें यांच्या शेजारीं वसलेल्या या शहराला पिण्याचें पाणी बाहेरून आणावें लागतें. तें उल्हास नदीवरून व बारवी धरणाच्या आधारानें येतें. त्याखेरीज सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेंत दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणण्याचें योजिलें असून, त्यांतील २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरच्या वांट्याला नेमलेलें आहे. ही सूर्या नदी पालघर जिल्ह्यांतील डोंगराळ व बहुतांशीं आदिवासी वस्तीच्या मुलुखांतून येते. धामणीचें धरण झालें तेव्हां तेथील कित्येक कुटुंबांना आपलीं घरें व शेतें सोडावीं लागलीं. त्याच जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत पावसाळ्यांत मुसळधार पाऊस कोसळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ज्या मुलुखाचें पाणी आपल्या तहानेसाठीं नळांतून खालीं उतरतें, त्या मुलुखाशीं आपलें नातें दात्याचें नाहीं. तें ऋणकोचें आहे. आणि ऋण फेडावयास गेलेल्या माणसानें उपकारकर्त्याची ऐट मिरवावी, हें कोणत्याही घरच्या रीतीभातींत बसत नाहीं.

आतां लहान रकमेची गोष्ट. एखाद्या पाड्याजवळ झरा आहे. त्यांत गुरें शिरून पाणी गढूळ होतें. तेथें दगडी कठडा, झांकण असलेलें टांकें आणि गुरांसाठीं वेगळी डोणी एवढें झालें, कीं उन्हाळ्याचे दोन महिने सुखाचे जातात. दुसऱ्या गांवीं पंप आहे, पण एका सुट्या भागावांचून तो बंद पडला आहे. तिसऱ्या ठिकाणीं बायकांना बियाणें सांठविण्यासाठीं चार कोठ्या व एक कोरडी खोली हवी आहे. ही कामें इतकीं लहान असतात कीं, मोठ्या योजनेच्या डोळ्यांस तीं दिसतच नाहींत. सरकारी काम म्हटलें म्हणजे मोजणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा हीं सर्व ओघानें आलीं. आणि वीस-पंचवीस हजारांच्या टांक्यासाठीं एवढा सगळा खटाटोप करावयाचा म्हणजे दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला. शिवाय कोणता झरा मे महिन्याच्या अखेरीपर्यंत टिकतो, कोणत्या वाटेनें मुली हंडे घेऊन येतात, कोणत्या उतारावरून पहिल्याच पावसांत दरड घसरते, हें ज्ञान कोणत्याही नकाशावर नसतें. तें पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यांत असतें. पैसा कितीही असो, या ज्ञानावांचून तो आंधळा आहे.

हा विचार आज जगभर मान्य झालेला आहे. जागतिक पर्यावरण निधीचा 'लघु अनुदान कार्यक्रम' १९९२ सालापासून चालू असून, त्यांतून अनेक देशांतील स्थानिक मंडळांना सामान्यतः ५० हजार डॉलरपर्यंतच्या रकमा दिल्या जातात. एखाद्या राष्ट्राच्या अंदाजपत्रकापुढें ही रक्कम म्हणजे दर्यामें खसखस. परंतु एका खेड्याच्या दृष्टीनें ती मोठी आहे. तथापि आपणांस उदाहरणासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. 'अडाणी खेडुतांस कारभार काय कळणार?' असें विचारणाऱ्यांनीं आपल्याच महाराष्ट्राकडे पाहावें. नाशिक व धुळें या भागांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर 'फड' नांवाची पाणीवांटपाची पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. आज ती पुष्कळ ठिकाणीं मोडकळीस आलेली आहे, हें खरें; परंतु तिची रचना पाहण्याजोगी होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड, आणि एका फडांत एका हंगामास एकच पीक. शेतकरी मिळून पाट साफ करीत. पाटकरी ठरल्या क्रमानें पाणी देई. आणि पाणी कमी पडलें तर टंचाई सर्वांनीं वांटून घेत. नियम गांवाचा, राखणदार गांवाचा, आणि तंटाही गांवांतच मिटे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं नदी वांटून घेतली, त्यांना एका टांक्याचा हिशेब ठेवतां येणार नाहीं, असें म्हणणें हें आमच्या मतें शहरी अहंकाराचें लक्षण आहे.

दुसरें उदाहरण आजच्या काळचें आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा नांवाचें गोंड लोकांचें एक लहानसें गांव आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं या गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. हक्क मिळाला तरी बांबू विकण्याच्या परवान्यासाठीं गांवाला पुढें दोन वर्षें झगडावें लागलें. २०११ सालीं वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला, आणि बांबूच्या विक्रीचा पैसा गांवाकडे येऊं लागला. आतां यांतील मर्म विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. पैसा आला म्हणून गांव शहाणें झालें नाहीं. हक्क मिळण्यापूर्वीं कित्येक वर्षें हें गांव सभा भरवीत होतें, अभ्यासगट चालवीत होतें, आणि बहुमतानें नव्हे तर सर्वांच्या संमतीनें निर्णय घेण्याची शिस्त अंगीं बाणवीत होतें. एका माणसाची शंका राहिली तरी निर्णय पुढें ढकलावयाचा, हा नियम ऐकावयास सोपा वाटतो. पाळावयास फार कठीण आहे. लहान निर्णय घेतां घेतां जी संवय लागली, तिच्याच जोरावर मोठा पैसा गांवाला पेलला. म्हणून लहान अनुदानाचें खरें मोल त्यांतून बांधलेल्या कठड्यांत नाहीं. कठडा कोठें बांधावा यावर गांव प्रथम एकत्र बसतें, त्यांत आहे.

सरकारनेंही ही गोष्ट कांहीं अंशीं ओळखली आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा 'पेसा' कायदा १९९६ सालीं झाला. पुढें २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें आदिवासी उपयोजनेच्या निधींतील पांच टक्के भाग अशा क्षेत्रांतील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय केला. या द्रव्यास 'अबंध निधि' असें नांव आहे. म्हणजे तो कोणत्या कामास लावावयाचा हें नेमून दिलेल्या मर्यादेंत ग्रामसभेनें ठरवावयाचें. पालघर जिल्ह्यांतील आदिवासी गांवांनाही हा हक्क आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु कायद्यानें अधिकार देतां येतो, संवय देतां येत नाहीं. सभा चावडीवर न भरतां नोंदवहींतच भरली, तर अबंध निधीचा निर्णय शेवटीं दोन-चार माणसांच्याच हातीं जाणार. त्यासाठींच गांवाला लहान रकमांवर हात बसविण्याची संधि अधिक वेळां मिळाली पाहिजे.

आपल्या किनाऱ्याकडे वळूं. उत्तनच्या कोळीवाड्यांतील किंवा खाडीकांठच्या घरांतील मुलांना कांदळवनाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. या कांदळवनाच्या रक्षणासाठीं राज्य शासनानें २०१७ सालीं उपजीविकेची एक योजना काढली. खाडीकांठच्या गांवांतील गटांनीं खेकडेपालन, कालवपालन यांसारखे उद्योग करावे, आणि त्याबरोबर कांदळवन राखावें, असा तिचा हेतु. तींत गटाच्या प्रकल्पास ९० टक्के रक्कम शासन देतें व १० टक्के गटानें घालावयाची असते. एकट्या व्यक्तीस ७५ टक्के मिळतात व २५ टक्के तिनें घालावयाचे असतात. सिंधुदुर्गांत वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत 'स्वामिनी' या महिला बचतगटानें २०१७ पासून प्रवाशांना होडींतून कांदळवन दाखविण्याचा उद्योग आरंभिला. त्याच्या पाठीशीं अशाच तऱ्हेचें साह्य होतें. तेथें वल्हीं बायकांच्या हातीं असतात, आणि खाडींतील झाडांचीं व पक्ष्यांचीं नांवें सांगणाऱ्याही त्याच. दहा टक्क्यांची अट कांहींस जाचक वाटेल. परंतु आपल्या पदरचे दहा रुपये ज्या कामांत पडले, त्या कामावर मनुष्याची नजर राहते. फुकट मिळालेल्या होडीला भोंक पडलें तर ती किनाऱ्यावर कुजते; वर्गणी काढून घेतलेल्या होडीचें भोंक त्याच दिवशीं बुजतें. ज्या गांवापाशीं रोकड नाहीं त्यानें आपला वांटा श्रमानें द्यावा. तोही वांटाच आहे.

आतां आक्षेपांचा विचार केला पाहिजे. कारण त्यांतील दोन खरोखरच वजनदार आहेत. पहिला आक्षेप अफरातफरीचा. गांवाच्या हातीं पैसा दिला तर तो गांवचे बडे लोक खातील, असें म्हणतात. याविषयीं इंडोनेशियांत झालेला एक प्रयोग मननीय आहे. तेथें १९९८ सालापासून खेड्यांना रस्ते, पूल वगैरेंसाठीं थेट अनुदानें देण्याचा एक मोठा कार्यक्रम चालू झाला. बेंजामिन ओल्केन नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें सुमारें ६०० खेड्यांतील रस्त्यांच्या कामांची तपासणी केली व २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. 'तुमच्या कामाचे हिशेब सरकारी तपासनीस निश्चित तपासणार', असें ज्या गांवांना आधीं कळविलें, तेथें गहाळ होणाऱ्या खर्चाचें प्रमाण सुमारें आठ टक्केबिंदूंनीं उतरलें. उलट, गांवकऱ्यांना हिशेबाच्या सभेस नुसतें अधिक संख्येनें बोलाविल्यानें एकंदरींत विशेष फरक पडला नाहीं. सभा म्हणजे सर्व रोगांवर औषध, असें मानणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें कडू सत्य गिळलें पाहिजे : विश्वास हवा, पण तपासणीही हवी. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. लोकांनीं आपलें मत नांव न घालतां लिहून द्यावें यासाठीं कागद वांटले होते. ते वस्तींतल्या पुढाऱ्यांमार्फत वांटले तेथें उपयोग झाला नाहीं. शाळेंतील मुलांच्या हातून घरोघर पोंचविले तेथें मात्र अफरातफर कमी झाली. विद्यार्थ्यांनो, पुढाऱ्याला चुकवून सत्य घरीं नेणारा दूत तुमच्यासारखाच एक शाळकरी मुलगा होता, हें विसरूं नका.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. लहान अनुदानांचें कौतुक करून मोठ्या कर्तव्यांतून सुटण्याची वाट तर आपण सरकारला दाखवीत नाहीं ना? हें भय निराधार नाहीं. दवाखान्यांत डॉक्टर असणें, शाळेंत शिक्षक असणें, पुरांत न वाहणारा पूल असणें, धरणासाठीं उठविलेल्या कुटुंबांना न्याय मिळणें, हीं वर्गणीचीं कामें नव्हेत. तीं राज्याचीं कामें आहेत, आणि तीं मागण्याचा प्रजेचा हक्क आहे. लहान रकमेनें हा हक्क विकत घेतां येत नाहीं व घेऊंही नये. परंतु आमचा अनुभव असा कीं, जें गांव एका टांक्यासाठीं एकत्र बसलें, तें पुढें पुलासाठींही एकत्र उभें राहतें. मिंध्या गांवाला तक्रार करतां येत नाहीं. कारभारी गांवाला येते.

तिसरी एक अडचण गांवाच्या पोटांतच असते. 'गांवानें ठरविलें' असें म्हणतांना बहुधा गांवांतील पुरुषांनीं, आणि त्यांतही जमीनवाल्यांनीं, ठरविलेलें असतें. पाणी आणते बाई आणि टांकें कोठें बांधावयाचें हें सांगतो तिचा दीर, असा प्रकार नको असेल तर सभा वस्तीवस्तीची वेगळी भरली पाहिजे, आणि बायकांचें म्हणणें आधीं ऐकलें पाहिजे. राज्याच्या पेसा नियमांत पाड्याला स्वतंत्र गांव म्हणून मान्यता मागण्याची सोय आहे, ती याचसाठीं. लहान रकमेचा येथें आणखी एक गुण दिसतो : मोठ्या पैशाभोंवतीं मोठीं माणसें जमतात, थोड्या पैशाभोंवतीं गरजवंत जमतात.

एवढें लिहून थांबणें म्हणजे दुसऱ्यांस उपदेश करणें होईल. म्हणून आमची एक सूचना आहे, आणि तिचा विचार विद्यार्थी व पालक यांनीं अवश्य करावा. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेंत प्रत्येकानें महिन्यास १० रुपये बाजूला ठेवले, तर शाळेच्या दहा महिन्यांत १ लाख रुपये होतात. वडापावाच्या किंमतीहून ही रक्कम अधिक नाहीं. अशी एक लहान गंगाजळी आपण उभारावी, आणि ती जव्हार-मोखाड्याकडील एकाच पाड्याला सलग तीन वर्षें द्यावी. एकदां देऊन विसरणें हें दान होईल. तीन वर्षें देणें हा संबंध होईल.

मात्र कांहीं अटी आपण स्वतःवर घालून घ्याव्या. काम कोणतें हें आपण सुचवूं नये. पाड्याची सभा ठरवील तें मान्य करावें, मग तें आपणांस क्षुल्लक कां वाटेना. पैसा सभेच्या नांवें असलेल्या बँक-खात्यांतच जावा, रोख कोणाच्याही हातीं नको. गांवाचा वांटा श्रमानें अथवा पैशानें असावा, आणि तो किती हें गांवानें आधीं सांगावें. हिशेब पाड्यावर मोठ्यानें वाचला जावा आणि त्याची प्रत आपल्या शाळेच्या फलकावर लागावी. वरच्या वर्गांतील मुलांनीं ती पावतीशीं ताडून पाहावी. आणि त्याच फलकावर आपल्या वर्गणीचा हिशेबही लागावा, कारण तपासणी एका बाजूची असूं नये. काम फसलें तर कां फसलें हें गांवानें लिहून कळवावें, आणि त्यासाठीं पुढील वर्षाचें साह्य थांबवूं नये. फसलेलें काम लपविण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो पुढें यशही खोटेंच कळवितो. शेवटची अट सर्वांत अवघड आहे : बांधलेल्या कामावर आपल्या शाळेच्या नांवाची पाटी लावूं नये.

यांत आपल्या मुलांचा लाभ काय, असें एखादा पालक विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. गणिताच्या तासाला ज्या टक्केवारीचा कंटाळा येतो, ती टक्केवारी एका खऱ्या टांक्याच्या सिमेंटच्या पावतींत भेटेल. भूगोलांतील पाणलोट क्षेत्र हा शब्द एका झऱ्याचें रूप घेईल. नागरिकशास्त्रांतील ग्रामसभा ही परीक्षेपुरती व्याख्या न राहतां, पत्रानें उत्तर देणारी माणसें होतील. पण याहून मोठा लाभ वेगळाच आहे. या शहरांत वाढणारीं मुलें उद्यां अधिकारी, अभियंते, व्यापारी, नगरसेवक होतील. दुसऱ्यांच्या गांवांविषयींचे निर्णय त्यांच्या सहीनें होतील. सही करण्यापूर्वीं 'गांवाचें म्हणणें काय?' असा प्रश्न विचारण्याची संवय ज्याला चौदाव्या वर्षीं लागली, तो चाळिसाव्या वर्षीं ती विसरणार नाहीं.

दात्याची ओळख त्यानें किती दिलें यावरून होते असें जग मानतें. आमचें मत असें आहे कीं, ती त्यानें दिल्यानंतर आपला हात किती लवकर मागें घेतला यावरून व्हावी. थोडें द्यावें, वेळेवर द्यावें, हिशेब मागावा आणि हिशेब द्यावा, आणि ठरविण्याचा मान ज्याचा त्याला सोडावा. नळ उघडतांना वरच्या डोंगराची आठवण ज्याला राहील, त्याला हें फारसें जड जाणार नाहीं.